यंदा कुंडलिकराव बसणार नाहीत

पंधरा ऑगस्टची प्रत्येकाची आपली एक रीत असते. कोणी सकाळीच जिलबीच्या रांगेत उभा राहतो, कोणी जोडून सुट्टी आली म्हणून आदल्या दिवशीच लोणावळ्याला पळतो. कळव्याच्या कुंडलिकरावांचा पंधरा ऑगस्ट मात्र गेली कित्येक वर्षं पोलीस स्टेशनात जायचा. आता लगेच भलतंसलतं मनात आणू नका. माणूस अगदी सरळ. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून अख्खी नोकरी काढली, पण कधी मेमो खाल्ला नाही की कोणाशी हातघाईवर आले नाहीत. फक्त ते उपोषणाला बसायचे.

आपल्याकडे ही एक पद्धतच पडून गेलीय. वर्षभर हेलपाटे घालून ज्याचं काम कुठल्याच टेबलावर होत नाही, तो पंधरा ऑगस्टची नाहीतर सव्वीस जानेवारीची वाट बघतो. त्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत मंत्री येतात, कॅमेरे येतात, सगळे साहेब कडक इस्त्रीत असतात. अशा वेळी फाटकासमोर कोणी सतरंजी टाकून बसलं तर बरं दिसत नाही. म्हणून माणूस आधीच निवेदन देऊन ठेवतो की, माझं अमुक काम झालं नाही तर मी स्वातंत्र्यदिनी उपोषणाला बसेन. मग त्या दिवशी सकाळी सकाळी पोलीस घरी येतात, गाडीत घालतात, कार्यक्रम उरकेपर्यंत स्टेशनात बसवतात, चहा पाजतात आणि सोडून देतात. एखादं खातं आश्वासनाचा कागदही देतं. कोणी कोणाला वाईट बोलत नाही. काम तेवढं होत नाही.

कुंडलिकरावांचं काम म्हणजे एक साकव, पायी ओलांडायचा छोटा पूल. त्यांची चाळ खाडीकडच्या अंगाला, आणि चाळ आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये नाला. त्या नाल्यावर जुना दगडी साकव होता, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. एका पावसात तो वाहून गेला. पोरांनी कुठूनतरी रस्त्यावरच्या दिव्यांचे दोन जुने लोखंडी खांब आणून आडवे टाकले, आणि तीच वाट झाली. तात्पुरती म्हणे. शाळेची पोरं, कामाला जाणाऱ्या बाया, गॅसचा सिलिंडर, सगळं त्या खांबांवरून. नाहीतर मग लांबचा वळसा, तोही गोठ्याच्या चिखलातून. नाला एका खात्याचा आणि त्यावरची वाट दुसऱ्याची, त्यामुळे साकव नक्की कोणी बांधायचा यावर दोन्ही खात्यांचं एकमेकांना लिहिणं चालू होतं. ते अजून चालू आहे.

त्याच खांबांवरून कुंडलिकरावांची बायको, मीराबाई, पाय घसरून पडली. हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं, पण हात काही सरळ झाला नाही. तेव्हापासून तिने वेणी एका हाताने घालायची सवय करून घेतली आणि खांबांवर परत पाय ठेवला नाही. कुठेही जायचं म्हटलं की वळसा. यावर ती कधी काही बोलायची नाही. बोलायचे ते कुंडलिकराव. दरवर्षी जुलै संपत आला की चष्मा लावून निवेदन लिहायला बसायचे.

आणि गंमत अशी की या माणसाला पंधरा ऑगस्टचं भारी अप्रूप. डेपोत असताना आदल्या दिवशी झेंड्याचा दांडा स्वतः पुसायचे, ऑइलपेंटचा हात मारायचे. चाळीतली कॉलेजची पोरं विचारायची, "काका, एवढा देश आवडतो तर त्याच दिवशी त्याला लाजवता कशाला?" त्यावर ते म्हणायचे, "अरे, शेजाऱ्याच्या घरात जाऊन कोणी जेवण मागतं का? आपल्या घरातच मागतात ना? बाबासाहेबांनी मागायला शिकवलंय, ते कागदावर मागतो. दगड नाही मारत." बोलायचे ठसक्यात. पण पोलिसांच्या गाडीत बसल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झेंडे घेतलेली शाळेची पोरं दिसली की त्यांना कसंतरीच व्हायचं. आपण कोण, चोर आहोत का, असं वाटायचं. हे मात्र ते कोणाला सांगायचे नाहीत.

तर यंदाची गोष्ट. कुंडलिकरावांची मुलगी रचना पोलिसात लागली. भरतीसाठी पोरीने खाडीच्या रस्त्यावर पहाटे धावून धावून हाडांची काडं केली होती. ट्रेनिंग झालं, ठाण्याला मुख्यालयात नेमणूक झाली, आणि पंधरा ऑगस्टला जिल्हाधिकारी कचेरीत मंत्र्यांना मानवंदना देणारं जे पथक असतं, त्यात तिचं नाव आलं. घरी येऊन तिने आईबापांसाठी आणलेले दोन पास टेबलावर ठेवले. 

"पप्पा, यंदा नको ना," ती म्हणाली.

कुंडलिकरावांना कळलं, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. "काय नको?"

"मी आत परेडमध्ये आणि तुम्ही बाहेर सतरंजीवर. सगळे विचारतील. माझी नोकरी अजून कच्ची आहे पप्पा. आणि मला तुम्ही बघायला यायला हवे आहात. ते जास्त."

मीराबाई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगून टाकलं, "एकदा पोरीकडे बघून घ्या. नाला काही कुठे पळून जात नाही."

कुंडलिकरावांचे पुढचे काही दिवस वाईट गेले. एक वर्ष सोडलं तर खात्यांना वाटणार, म्हाताऱ्याचा दम संपला. फाइल अशी खाली जाईल की परत हाताला लागायची नाही. पण दुसरीकडे ते पास होते, त्यावर अशोकस्तंभ छापलेला. ते पास ते रोज एकदा कपाटातून काढून बघायचे. शेवटी जुलै सरला आणि त्यांनी निवेदन लिहिलं नाही.

चाळीत ही बातमी लपते थोडीच. कोणी म्हणालं, कुंडलिकराव आता सरकारी झाले. त्याचं त्यांना एवढं लागलं नाही, लोक बोलणारच. त्यांना लागलं ते शेजारच्या दर्शनाचं. तिचा मुलगा पहिलीत, तिला रोज एका हातात दप्तर आणि एका हातात पोराचा दंड धरून खांबांवरून जावं लागायचं. तिने फक्त कुंडलिकरावांकडे एकदा बघितलं आणि "रचनाला पावली हो तुमची पुण्याई" म्हणून हसली. ते हसणं त्यांना झोपू देईना.

पंधरा ऑगस्टला कुंडलिकराव पहाटेच उठले. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, खिशाला छोटा तिरंगा लावला. रचना मुख्यालयातच मुक्कामाला होती. मीराबाईला वळसा घालून जायचं म्हणून ती तिचा पास घेऊन आधी निघाली. रिक्षा करून पुढे जाते आणि चांगली जागा धरून ठेवते, असं ठरलं. कुंडलिकराव बुटांना पॉलिश मारत होते, तेवढ्यात त्यांना दारातून नाल्याकडे एक ओळखीची मूर्ती दिसली. दोन्ही हात पसरून, जपून जपून पाऊल टाकत, खांबांवरून नाथा हवालदार येत होता.

नाथा भोईर म्हणजे इकडचाच भूमिपुत्र, आगरी माणूस, अंगाने आडवा. दरवर्षी कुंडलिकरावांना न्यायला तोच यायचा आणि दरवर्षी खांबांवर घाम पुसायचा.

"काका, ह्यो साकव कवा बांधनार हायेत वो?" त्याने दारात येऊन धापा टाकत विचारलं. "एक दिवस मीच जायाचा खाली. चला, गाडी रस्त्याला उभी हाय."

"अरे नाथा, जय भीम. पण गाडी कशाला? यंदा मी निवेदनच दिलं नाही."

नाथाने टोपी काढून डोकं खाजवलं. "दिलं न्हाई?"

"नाही. रचना परेडमध्ये आहे. हा बघ पास."

नाथाने पास उलटसुलट करून पाहिला. त्याला खरंच आनंद झाला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग तो म्हणाला, "काका, मला म्हायतीच नव्हता. साहेब नवीन हायेत, जूनमधी बदलून आलेत. ते काल बोलले, गेल्या वर्षी जे जे बसलेले ते समदे सकाळी उचला, रिस्क नको. तुमी असं करा, पाच मिनिटं चला. साहेबांना पास दाखवा, तिथनंच परेडला जावा. गाडी तिकडंच जातेय, मीच सोडतो."

इथे कुंडलिकराव चुकले. सरळ मागच्या बाजूने वळसा घालून निघून गेले असते तर नाथाने काही त्यांच्यामागे धाव घेतली नसती. पण इतकी वर्षं पोलीस आले की निमूट गाडीत बसायची सवय लागलेली. शिवाय नाथा शब्दाचा माणूस. त्यांनी बूट घातले, पास खिशात नीट ठेवला आणि निघाले.

स्टेशनात गेले तर साहेब कुठे? साहेब जिल्हाधिकारी कचेरीत, बंदोबस्ताला. बरोबरच होतं, त्या दिवशी कुठला साहेब खुर्चीत सापडणार. नाथाने फोन लावला. लागला नाही. परत लावला, तर कोणीतरी उचलून "साहेब मंत्र्यांबरोबर आहेत" म्हणून ठेवून दिला. टेबलावरचा ठाणे अंमलदार म्हणाला, काका, तुमचं खरं असेल, पण साहेबांच्या हुकमाशिवाय मी सोडलं आणि तुम्ही तिकडे जाऊन बसलात, तर माझी नोकरी गेली. त्याचंही काही चूक नव्हतं. चूक कोणाचीच नव्हती आणि कुंडलिकराव मात्र बाकावर बसून होते.

बाकावर नेहमीची मंडळी होतीच. कळव्यातलीच एक विधवा बाई, जिच्या नवऱ्याची पेन्शन अडकलेली. तिथलेच एक रिटायर मास्तर, ज्यांच्या बिल्डिंगला पाणी चढत नव्हतं. मास्तरांनी सरकून जागा केली.

"यंदा पण साकवच का?" त्यांनी विचारलं.

"यंदा काहीच नाही," कुंडलिकराव म्हणाले.

मास्तरांना वाटलं, साकव झाला. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं आणि साखर नसलेला आपला चहा बाजूला ठेवून पेढे कधी देताय म्हणून विचारलं. कुंडलिकरावांना खुलासा करायचंही त्राण राहिलं नव्हतं.

मग स्टेशनच्या आवारातलं झेंडावंदन झालं. बाकावरच्या मंडळींनाही बाहेर बोलावलं. सगळे रांगेत उभे राहिले, पोलीस पुढे आणि हे मागे. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं. कुंडलिकराव ताठ उभे होते. दर वर्षी इथेच उभे राहायचे, पण त्या वेळी निदान आपण आपल्या मर्जीने आलोय असं तरी होतं. आज त्यांना इतका राग आला होता की गाऊच नये असं वाटलं. ओठ मिटून घेतले. आणि मग नेहमीच्या ओळीला ते ओठ आपोआप उघडले, आणि ते गायला लागले. राग होताच, तो गेला नव्हता. गात असतानाही होता. स्वतःच्या या स्वभावाचाच त्यांना मग राग आला.

नाथा अपराध्यासारखा भोवती फिरत होता. शेवटी त्याने आपला मोबाईल आणून कुंडलिकरावांच्या हातात दिला. कुठल्यातरी लोकल चॅनलवर कचेरीतला कार्यक्रम लाइव्ह चालला होता. चित्र अडत अडत येत होतं. मंत्री दिसले, हार दिसले, मंडपाचं कापड बराच वेळ दिसलं. मग एकदम पथक आलं. सगळ्या एकसारख्या, एकाच तालात, टोप्या कपाळावर ओढलेल्या.

"यातली कुटली आपली?" नाथाने वाकून विचारलं.

"ही. ही बघ, कडेची," कुंडलिकराव म्हणाले. कडेची मुलगी रचनाच्याच उंचीची होती. तेवढ्यात चित्र अडकलं, आणि सुटलं तेव्हा भाषण सुरू झालं होतं. त्यांनी फोन परत दिला. कडेची तीच होती का, हे त्यांना छातीठोक सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

तिकडे मीराबाई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलेली. खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली. पथक समोरून गेलं तेव्हा रचनाने नजर वळवायची नसते, तरी तिला ती रिकामी खुर्ची दिसलीच. कार्यक्रम संपल्या संपल्या ती आईकडे धावत आली. मीराबाईला तोवर दर्शनाचा फोन येऊन गेला होता की, काकांना नाथा घेऊन गेला.

"म्हणजे शेवटी दिलंच त्यांनी निवेदन," रचना म्हणाली. "मला हो म्हणून मागून दिलं."

 दोघी रिक्षाने स्टेशनात आल्या.

रचना दारातून आत आली तेव्हा कुंडलिकरावांनी तिला वर्दीत असं पूर्ण तयारीत पहिल्यांदाच पाहिलं. छातीवर नावाची पट्टी, कमरेला पट्टा, बुटांत तोंड दिसेल असं पॉलिश. ते उठून उभे राहिले. पण पोरीचा चेहरा पडला होता, आणि का पडलाय तेही त्यांना कळलं. "अगं, मी नाही दिलेलं," एवढं त्यांच्या ओठावर आलं, तेवढ्यात मागून जीप आली आणि नवे साहेब उतरले.

रचना जागच्या जागी वळली. टाच टाचेवर आपटली, हात सरळ कपाळाला गेला.

काय कडक सॅल्यूट मारला पोरीने. कुंडलिकराव सकाळपासून जे बघायला निघाले होते ते हेच. मान ताठ, कोपर सरळ, बोटाचं पेरही हलत नव्हतं. बापाला डांबून ठेवणाऱ्या साहेबाला ती सॅल्यूट मारत होती आणि बाप ते बघत होता. त्यांची छाती भरून आली, आणि त्याच छातीत काहीतरी टोचलंही.

"परेडला होतीस ना? छान झाली," साहेब म्हणाले. "इकडे काय?"

"सर, माझे वडील. त्यांना न्यायला आलेय."

साहेबांनी बाकाकडे बघितलं. नाथा पुढे झाला. "सर, ह्यांनी यंदा निवेदन दिलेलंच न्हाई. परेडचा पास होता ह्यांच्याकडं. मी फोन लावत होतो तुम्हाला."

"मग आणलं कशाला?" साहेबांनी विचारलं.

नाथा बुटांकडे बघत राहिला. साहेबांनाही मग आठवलं असावं, हुकूम कोणाचा होता ते. ते ओशाळले, आत चला, चहा घ्या म्हणाले. कुंडलिकरावांनी हात जोडले आणि नको म्हणाले. रचनाने जाताना परत सॅल्यूट मारला, तेवढाच कडक.

तिघं रिक्षाने परत निघाले. मोठ्या रस्त्याला उतरल्यावर मीराबाई वळशाच्या वाटेने निघाली. नाल्यापाशी आल्यावर रचना खाली बसली, बूट मोजे काढले. पॉलिशचे बूट घालून त्या खांबांवरून जाणं म्हणजे पडणंच. कुंडलिकरावांनी तिचे बूट हातात घेतले. ती पुढे, दोन्ही हात पसरून, वर्दीतली, अनवाणी. आणि मागे हे बूट छातीशी धरून. दारात दर्शना उभी होती, ती बघत राहिली.

"कडेला होतीस ना?" पलीकडे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"मी मधल्या रांगेत होते, पप्पा."

"असं होय." त्यांनी बुटांवरची धूळ हाताने पुसली.

रचनाने बूट घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. "पप्पा, मला वाटलं तुम्ही खोटं बोललात. माझं चुकलं." मग तिचा आवाज फिरला. "तुम्ही नाही दिलं तरी नेलं. मग द्यायचंच ना. सव्वीस जानेवारीचं द्या. मी आत असेन तर असेन. कोणाला काय विचारायचं ते विचारू दे."

घरी आदल्या दिवशीच आणून ठेवलेला जिलबीचा पुडा रचनाने उघडला. कुंडलिकरावांनी चष्मा लावला, कागद पुढ्यात ओढला, आपलं नाव लिहिलं, तारीख घातली आणि थांबले. सव्वीस जानेवारीलाही परेड असणार. रचनाही असणार. आणि आपण परत त्या बाकावर. पेन तसंच हातात राहिलं.

एवढ्यात मीराबाई वळसा संपवून आत आली. चप्पल चिखलाने भरलेली. तिने कागद बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि काय चाललंय ते तिला कळलं.

"माझं नाव घाला," ती म्हणाली.

"कशात?"

"निवेदनात. हात माझा मोडला आणि उपोषण तुमचं. इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता मी बसते. तुम्ही पोरीला बघायला जा, तुमचं राहिलंय. मी आज डोळे भरून बघितलं तिला."

 रचना हसायला लागली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवून वर्दीची बाही डोळ्यांना लावली. मग कुंडलिकरावांनी आपल्या नावावर काट मारली आणि वर मीराबाईचं पूर्ण नाव लिहिलं. मीराबाईने चांगल्या हाताने सही केली, कागद परत त्यांच्याकडे सरकवला आणि जिलबी घेतली.

"आणि खाली लिहा," ती म्हणाली, "मला न्यायला येतील तेव्हा पोलिसांनी वळशाने यावं. खांबांवरून मी येणार नाही."